मास्कची ‘काच’ काच नसते तेव्हा...

मालवणला जाण्याआधी मी दादाचा स्नॉर्केलिंग मास्क टूथपेस्टने घासघासून स्वच्छ केला. नव्या काचेच्या मास्कवरचा सिलिकोनचा थर काढायला तसं करतात, एवढंच ऐकलं होतं. पण ही लेन्स पॉलिकार्बोनेटची! समुद्रात मासे सोडाच, सगळं धुरकट दिसलं.

मित्रांनो, पॉलिकार्बोनेट आघात सोसतं, पण त्याचा पृष्ठभाग मऊ असतो. मिठाचे-वाळूचे कण कोरडे पुसू नका. आधी गोड्या पाण्यात बुडवा, मग सौम्य साबणाने बोटांनी धुवा. लॅबमधलं ॲसिटोन तर नकोच, लेन्सला तडे जातात. वाफ धरू नये म्हणून पातळ केलेला बेबी शाम्पू लावून हलकंच विसळा. सावलीत वाळवा, डबीत ठेवा.

मेसच्या पैशांतून दादाला नवा मास्क घेऊन दिला. मटेरियल सायन्स असं शिकलो!