चकवा आणि इक्टोमी

आमचे गाव बदलापूरजवळ, बारवी धरणाच्या वाटेवर. आजी नेहमी बजावीत असे, "रात्री वाट चुकलास तर चालू नकोस. चकवा लागला म्हणून समज. तिथंच बस, उजाडलं की नीघ." कॉलेजात आल्यावर मी तिची थट्टा करू लागलो. परंतु गेल्या पावसाळ्यात काळोखात एकाच आंब्याखाली तीनदा येऊन पोहोचलो, आणि मुकाट्याने बसलो. उजाडल्यावर पाहतो तो नाला दहा पावलांवर दुथडी वाहत होता!

अमेरिकेतील लाकोटा लोकांचा इक्टोमीही असाच फसव्या. पण तो कोळ्याच्या रूपाचा, खादाड व बढाईखोर. दुसऱ्यास फसविताना तो स्वतःच फसतो आणि ऐकणारी मुले हसत हसत शहाणी होतात. झित्काला-शा या लेखिकेने त्याच्या कथा १९०१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. आपल्या चकव्याला मात्र ना रूप, ना वाचा. तो नुसता फिरवितो.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जर्मनीतील जंगलात माणसांना सरळ चालावयास सांगितले होते. सूर्य दिसत असता ती सरळ चालली. आभाळ भरलेले असता नकळत गोल फिरली. म्हणजे चकवा आपल्याच पायांत असतो. आजीने सांगितलेले कारण चुकले असेल. उपाय चुकला नव्हता.