शोक, हास्य आणि नायिका : ‘मेझॉन इक्कोकु’च्या निमित्ताने

प्रणयप्रधान सुखात्मिकेतील नायिका प्रेक्षकाला मोहवते ती कशामुळे, हा प्रश्न आपल्या विद्यापीठीय समीक्षेने फारसा गंभीरपणे विचारलेला नाही. ‘लोकप्रिय’ असा शिक्का बसला की त्या कृतीचे समाजशास्त्र तेवढे सांगावे आणि रसविचार मात्र अभिजात कृतींसाठी राखून ठेवावा, असा आपला एक अलिखित संकेत आहे. प्रस्तुत लेखात हा संकेत थोडा बाजूला ठेवायचा आहे. त्याला निमित्त घडले ते असे. पदव्युत्तर वर्गात नायिकाभेद शिकवीत असताना ‘कलहान्तरिता’ या नायिकेचे उदाहरण मी विचारले. प्रियकराला रागाच्या भरात दूर सारणारी आणि मग पश्चात्तापाने पोळणारी ती कलहान्तरिता. अपेक्षा होती ती ‘गाहा सत्तसई’तील एखाद्या गाथेची, निदान एखाद्या लावणीची. एका विद्यार्थिनीने जपानी ॲनिमेमधील एका नायिकेचे नाव सांगितले. वर्ग हसला. उत्तर चूक आहे असे मात्र मला म्हणता आले नाही.

जपानी रसिकांच्या परिभाषेत अशा नायिकेला ‘त्सुनदेरे’ म्हणतात. ‘त्सुनत्सुन’ म्हणजे फणकारा, तुसडेपणा. ‘देरेदेरे’ म्हणजे प्रेमाने विरघळणे. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ झालेली ही संज्ञा वरून काटेरी आणि आतून कोवळ्या अशा नायिकेला लावली जाते. ‘तोरादोरा’ (२००८-०९) या मालिकेतील तायगा आइसाका हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. आपल्या शास्त्रकारांनी विप्रलंभ शृंगारात ‘माना’चा विचार करताना प्रणयमान आणि ईर्ष्यामान असे भेद केले, त्यांच्याशी हे वर्णन सहज जुळते. परंतु या जुळणीने आपण फारसे पुढे जात नाही. हिरोकी आझुमा या जपानी समीक्षकाने २००१ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की आजचा रसिक कथेपेक्षा गुणविशेषांच्या एका साठ्याचा उपभोग घेतो. केसांची ठेवण, पोशाख, बोलण्याची लकब, रागाची तऱ्हा असे सुटे घटक त्या साठ्यात असतात आणि त्यांच्या जुळणीतून नवी नायिका ‘तयार’ होते. हे वाचताना मराठीच्या अभ्यासकाला भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’ची आठवण व्हावी. सोळा नायिका, त्यांच्या आठ अवस्था, त्यांचे उत्तम-मध्यम-अधम असे तीन स्तर, असा गुणाकार करीत भानुदत्ताने नायिकांची संख्या ३८४ पर्यंत नेली आहे. साठा आपल्याकडेही होताच, तो केवळ संस्कृतात होता.

भेदांच्या अशा कोष्टकावरून नायिका ओळखता येते. तिच्याविषयी वाटणारी ओढ मात्र कोष्टकातून निष्पन्न होत नाही. ही ओढ कशी निर्माण होते हे पाहण्यासाठी त्सुनदेरे ही संज्ञा जन्मण्याच्या कितीतरी आधीची एक कृती मी निवडली आहे. ती म्हणजे रुमिको ताकाहाशी (जन्म १९५७) यांची ‘मेझॉन इक्कोकु’. १९८० ते १९८७ या काळात ही मांगा ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ या प्रौढ पुरुषवाचकांसाठी असलेल्या नियतकालिकातून क्रमशः आली आणि १५ खंडांत ग्रंथबद्ध झाली. तिच्यावरील ९६ भागांची ॲनिमे मालिका मार्च १९८६ ते मार्च १९८८ या काळात फुजी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. ताकाहाशींची त्याआधीची ‘उरुसेई यात्सुरा’ (मांगा १९७८-८७, ॲनिमे १९८१-८६) अधिक गाजलेली. वाघाच्या कातड्याची वस्त्रे ल्यालेली, आकाशातून उतरलेली आणि नायकावर विजेचे झटके सोडणारी लम ही तिची नायिका. पण लमच्या जगात काळ पुढे सरकत नाही. सगळे विद्यार्थी वर्षानुवर्षे त्याच वर्गात असतात. ‘मेझॉन इक्कोकु’मध्ये काळ सरकतो. किंबहुना काळाचे सरकणे हेच तेथील खरे कथानक आहे.

कथा थोडक्यात अशी. तोकियोतील एका जुनाट लाकडी इमारतीत खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. पाच क्रमांकाच्या खोलीत युसाकु गोदाई हा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला तरुण राहतो. शेजारी त्याला अभ्यास करू देत नाहीत. चार क्रमांकाच्या योत्सुयाने तर मधल्या भिंतीला भोक पाडून आपली वाट करून घेतली आहे. वैतागून गोदाई जागा सोडायला निघतो, त्याच वेळी नवी व्यवस्थापिका दारात येते आणि त्याचे जाणे राहून जाते. ही व्यवस्थापिका म्हणजे क्योको ओतोनाशी. वयाने विशीच्या उंबरठ्यावर, हातात झाडू, अंगावर कोंबडीच्या पिल्लाचे चित्र असलेला एप्रन. ती विधवा आहे, हे गोदाईला आणि आपल्यालाही मागाहून कळते. शाळेत असताना ती आपल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकाच्या, सोइचिरोच्या, प्रेमात पडली. घरच्यांचा विरोध पत्करून तिने त्याच्याशी लग्न केले आणि काही महिन्यांतच तो वारला. इमारत सासऱ्यांच्या मालकीची आहे.

नावांची रचना पाहण्यासारखी आहे. भाडेकरूंच्या आडनावांत त्यांच्या खोलीचा क्रमांक दडलेला असतो : इचिनोसेमध्ये एक, योत्सुयात चार, गोदाईत पाच, रोप्पोंगीत सहा. प्रतिस्पर्धी मिताकाच्या नावात तीन, गोदाईची मैत्रीण कोझुए नानाओ हिच्या नावात सात. ओतोनाशी या आडनावातील ‘नाशी’चा अर्थ ‘नसणे’, म्हणजे शून्य. पण या संख्यांच्या खेळापलीकडे आणखी एक गोष्ट आहे. ओतोनाशी म्हणजे ‘निःशब्द, ध्वनिरहित’ आणि क्योको या नावातील चित्रलिपीचा अर्थ ‘निनादणे’. माहेरच्या नावात निनाद आहे आणि सासरच्या आडनावात निःशब्दता, अशी ही स्त्री. आपल्या परंपरेत याला श्लेष म्हटले असते. तो केवळ बुद्धीचा खेळ नाही, हे कथा पुढे जाते तसतसे लक्षात येते.

आता मूळ अडचणीकडे वळू. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त करुणाला हास्य आणि शृंगार यांचा विरोधी मानले आहे. क्योको एकाच वेळी या तिन्ही रसांचा आश्रय आहे. करुणविप्रलंभ म्हणून ही अडचण सोडवता येत नाही, कारण तेथे पुनर्मीलनाची आशा आवश्यक असते. ‘कादंबरी’तील महाश्वेतेला आकाशवाणीने तसे आश्वासन दिले होते, म्हणून तिचा शोक शृंगाराच्या कक्षेत राहतो. क्योकोला कोणतीच आकाशवाणी झालेली नाही. सोइचिरो परत येणार नाही, आणि ताकाहाशी तर त्याचा चेहराही आपल्याला कधी दाखवीत नाहीत. छायाचित्रातसुद्धा तो झाकलेलाच राहतो. आनंदवर्धनाने रसविरोधाच्या परिहाराचे काही मार्ग सांगितले आहेत. एक रस दुसऱ्याचे अंग करावा, किंवा दोहोंच्या मध्ये तिसरा रस आणावा, जसा ‘नागानंदा’त शान्त आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो. अंगभावाचे त्याचे प्रसिद्ध उदाहरण भूरिश्रव्याच्या तुटलेल्या हाताचे आहे. रणांगणावर तो हात पाहून पत्नीला त्याच हाताच्या प्रणयचेष्टा आठवतात. तेथे आठवणीतला शृंगार वर्तमानातल्या शोकाला गडद करतो. ‘मेझॉन इक्कोकु’त हा क्रम उलटा आहे. मागे शोक आहे, पुढे शृंगार उभा राहू पाहतो आहे, आणि मध्ये सेतू म्हणून आलेला रस आहे हास्य. हा हास्य स्वतःच करुणाचा विरोधी! शास्त्राच्या दृष्टीने ही निवड धाडसाची आहे, आणि माझ्या मते नायिकेच्या आकर्षणाचे मर्म येथेच आहे.

हे कसे साधले आहे ते एका लहान गोष्टीवरून दाखवता येईल. अंगणात एक पांढरा, सुस्त, खादाड कुत्रा आहे. त्याचे नाव सोइचिरो. क्योको त्याला ‘सोइचिरो-सान’ अशी आदरार्थी हाक मारते, म्हणजे पतीला मारावी तीच हाक. आरंभी हे नाव कुत्र्याचे एवढेच गोदाईला ठाऊक असते. मृत पतीचेही तेच नाव आहे हे कळल्यावर हाक तीच राहते, पण ऐकणाऱ्याच्या कानात तिचे दोन अर्थ उमटू लागतात. भांडे पुढे सरकवून ‘सोइचिरो-सान, जेवा’ अशा अर्थाचे ती काही बोलते तेव्हा प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता आपण कशाला हसलो हे त्याच्या ध्यानात येते. कुत्रा जांभई देतो. येथे हास्याने शोकाचा अवमान होत नाही आणि शोकाने हास्याचा गळाही दाबला जात नाही, कारण दोन्ही एकाच शब्दात राहतात. हे दुःख ती रोजच्या झाडलोटीत, कुत्र्याच्या जेवणाच्या वेळेत बाळगते. एरवी ज्याला आपण ध्वनी म्हणतो तो याहून वेगळा कोणता?

ॲनिमे या माध्यमाचा लाभ या ठिकाणी विशेष झाला आहे. मांगात ही हाक वाचावी लागते, ॲनिमेत ती ऐकू येते. क्योकोला आवाज देणाऱ्या सुमी शिमामोतो यांनी तिच्या शालीन बोलण्याच्या पट्टीत रागाची एक बारीक धार ठेवली आहे. कोझुएच्या नावाने दूरध्वनी येतो (इमारतीला दूरध्वनी एकच, आणि तो उचलायची व्यवस्थापिका) तेव्हा गोदाईला निरोप देताना तिचा स्वर जरुरीपेक्षा अधिक सौजन्यपूर्ण होतो. शब्दांत काहीच नसते, रुसवा सगळा सौजन्यात असतो. संबोधनांचेही तसेच. गोदाई तिला तोंडावर प्रायः ‘कान्‌रिनिन-सान’, म्हणजे ‘व्यवस्थापिकाबाई’, म्हणतो. ‘क्योको-सान’ हे नाव तो मनात घेतो, किंवा मद्याच्या धुंदीत भर रस्त्यात सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतो. नाव घेणे आणि न घेणे यांतले नाट्य मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

क्योकोचा मत्सर हा या कृतीतील हास्याचा प्रमुख विभाव आहे. ती गोदाईवर प्रेम करते असे कबूल करीत नाही, पण त्याच्याकडे कोणी पाहिलेले तिला खपत नाही. स्वतः मात्र टेनिसशिक्षक मिताकाबरोबर फिरायला जाते. ती हट्टी आहे, संशयी आहे, पुष्कळदा अन्याय करते. गोदाई प्रशिक्षणासाठी एका मुलींच्या शाळेत शिकवायला जातो तो प्रसंग या दृष्टीने कळसाचा म्हणावा लागेल. ती क्योकोचीच जुनी शाळा. तेथील इबुकी यागामी ही विद्यार्थिनी शिक्षकाच्या, म्हणजे गोदाईच्या, प्रेमात पडते आणि थेट इमारतीत येऊन थडकते. क्योकोला तिचा राग येतो. पण त्या मुलीच्या रूपाने तिच्यासमोर जी उभी आहे ती सोइचिरोच्या मागे लागलेली शाळकरी क्योकोच आहे. ईर्ष्यामानाचा विषय येथे सवत नसून स्वतःचाच भूतकाळ आहे. ३८४ नायिकांच्या कोष्टकात यासाठी रकाना नाही. अशा रागाला कारण असते आणि ते कारण काळात रुजलेले असते. साठ्यातून उचललेल्या फणकाऱ्यात आणि या फणकाऱ्यात भेद आहे तो हाच.

मराठी वाचकाला हे पाहताना एक बोचणी लागल्यावाचून राहत नाही. आपल्या कादंबरीचा आरंभच ‘यमुनापर्यटना’तील (१८५७) विधवांच्या दुःखाने झाला. ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील यमूच्या निवेदनात बालपणाच्या भागात केवढा खट्याळपणा आहे, पण वैधव्य आल्यावर तो खट्याळपणा झडून जातो, आणि त्या समाजस्थितीत तसे होणे अटळच होते. गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यासा’त विधवेच्या प्रेमाचा प्रश्न आहे आणि भरपूर विनोदही आहे, परंतु विनोद गोकुळाच्या वाट्याचा, लीलेच्या नव्हे. सुधारणावादी साहित्याने विधवेला न्याय मागितला, करुणा मिळवून दिली. तिला चुकण्याची, रुसण्याची, हास्यास्पद होण्याची मोकळीक मात्र फार क्वचित दिली. तुलना अन्यायाची ठरू नये म्हणून हे नोंदवले पाहिजे की क्योकोच्या जपानमध्ये पुनर्विवाहाला ना कायद्याचा अडसर आहे ना कुटुंबाचा. उलट तिचे आईवडील आणि सासरे दोघेही तिला नवे आयुष्य सुरू करण्याचा आग्रह करतात. अडसर तिच्या मनात आहे. दुसऱ्यावर प्रेम केले तर पहिले प्रेम खोटे ठरेल ही तिची भीती आहे. समाजाने लादलेल्या निष्ठेशी झगडणे आणि स्वतः धरून ठेवलेल्या निष्ठेशी झगडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीत सुखात्मिकेला शिरकाव करता येतो.

या नायिकेवर आक्षेप घेता येत नाहीत असे नाही. एप्रन, झाडू, सर्वांची काळजी वाहणे, शेवटी विवाह आणि मातृत्व : पुरुषवाचकांच्या नियतकालिकाला अनुरूप असा हा गृहिणीचा आदर्श आहे, ही टीका मला बव्हंशी मान्य आहे. लेखिका स्त्री आहे एवढ्याने तिचे निरसन होत नाही. परंतु त्याच आदर्शात ताकाहाशींनी नायकालाही बसवले आहे हे विसरता कामा नये. गोदाई एका कॅबरेत काम करणाऱ्या स्त्रियांची मुले सांभाळतो आणि पुढे पात्रता मिळवून बालवाडीत शिक्षक होतो. कर्तृत्ववान, श्रीमंत मिताका बाजूला पडतो, तोही कुत्रीच्या गर्भारपणावरून झालेल्या एका हास्यास्पद गैरसमजातून. हा भाग मला काहीसा सोयीचा वाटतो. मिताकाला आसुनाकडे वळवण्यासाठी लेखिकेने प्रहसनाचा जो उपयोग केला, त्यात क्योकोला निवड करण्याच्या जबाबदारीतून थोडी सूट मिळाली आहे.

तथापि खरी निवड अन्यत्र होते. विवाहापूर्वी गोदाई सोइचिरोच्या समाधीपाशी एकटा जातो आणि त्याच्याशी बोलतो. सोइचिरो हा क्योकोच्या मनाचाच एक भाग आहे, तेव्हा त्याच्यासकट आपण तिचा स्वीकार करीत आहोत, अशा आशयाचे ते बोलणे आहे. क्योको ते आडून ऐकते. पहिले प्रेम खोटे ठरेल ही भीती येथे निरर्थक होते, कारण कोणी तिला ते विसरायला सांगतच नाही. शोकाचा निरास न होता शृंगार सिद्ध झाला आहे. तिने त्याच्याकडून मागून घेतलेले वचनही याच जातीचे आहे : एक दिवसाने का होईना, माझ्यानंतर मर. हे प्रेमिकेचे मागणे आहे, विधवेचे आहे, आणि ज्या स्वरात ते मागितले आहे त्या स्वरात किंचित हट्टही आहे, तोच, कोझुएच्या दूरध्वनीच्या वेळचा.

नवी वधू पुन्हा त्याच इमारतीत राहायला येते. पांढरा कुत्रा तेथेच असतो आणि त्याचे नाव बदललेले नसते.