दिवेलागणीनंतर बघायला जा

मिनू, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, पन्नास इंची आहे गं, फक्त आठ हजारांत देतायत." त्या 'फक्त'वरूनच मी ओळखलं, बाईसाहेबांचं मन बसलंय. वरच्या मजल्यावरचे लोक बदली होऊन चाललेत, एवढं धूड न्यायचा व्याप नको म्हणून विकतायत, हे सगळं सविस्तर सांगितलंस. तो प्लाझ्मा आहे हे मात्र अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण फोडणी टाकलेली होती आणि हा विषय भाजी करपवणारा आहे.

आमच्याकडे होता ना तो, नऊ वर्षं. तू यायचीस तेव्हा पिक्चर बघून जायचीस. त्याच्यापायी आम्ही काय काय केलं, ते तुला कुठे माहीत आहे?

२ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीनं तो षटकार मारला तेव्हा आम्ही शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर दाटीवाटीनं बसलो होतो. आमच्या एकवीस इंची डब्यात चेंडू शोधावा लागायचा. त्या रात्री जिना उतरतानाच तुझे भावोजी म्हणाले, यंदा दसऱ्याला मोठा टीव्ही. मोठा म्हणजे केवढा, तर खिशात पस्तीस हजार होते तेवढा. त्या पैशांत एलसीडी घ्यायचा तर बत्तीस इंची मिळत होता आणि प्लाझ्मा त्रेचाळीस इंची. दुकानदारानं प्लाझ्मा पार कोपऱ्यात ठेवलेला. वर पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटी, शेजारी भडक एलईडी, त्यात बिचारा अगदी आजारी दिसत होता. सेल्समन तर त्याच्याकडे बघूही देईना. मी म्हटलं, भाऊ, या दोन ट्यूब बंद करा जरा. त्यानं तोंड वाकडं करून केल्या, आणि मग बघ, काळा रंग काळा दिसायला लागला. बाकीच्या टीव्हींवरची रात्र राखाडी होती, याच्यावरची खरी. तिथेच माझा निर्णय झाला. माणूस असो की टीव्ही, दुकानातल्या उजेडात पारखू नये, हे आईचं साड्यांबाबतचं म्हणणं मी फक्त पुढे नेलं.

असं का होतं, ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. प्लाझ्माच्या काचेत लाखो इवल्या ट्यूबलाइटी असतात. आमचा १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा होता, प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे, म्हणजे तेवीस लाखांहून जास्त. प्रत्येक कप्प्यात निऑन आणि झेनॉन वायू. वीज सोडली की त्यातून अतिनील किरण निघतात आणि कप्प्याच्या आतला लेप उजळतो, आपल्या ट्यूबलाइटीत होतं तेच. जिथे काळं दाखवायचं तिथला कप्पा जवळपास विझलेलाच असतो. एलसीडीत मागे कायम दिवा आणि पुढे झडपा. झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून उजेड झिरपतोच. एलईडी म्हणून विकतात तोही एलसीडीच, मागचा दिवा फक्त बदललेला.

आणि हो, गॅस भरून घ्यावा लागत नाही. आमच्या शेजारच्या काकू दर उन्हाळ्यात विचारायच्या, फ्रिजवाला आलाय, तुमच्या टीव्हीचापण भरून घ्यायचा का? नऊ वर्षं विचारत होत्या. कप्पे कारखान्यातच बंद होऊन येतात, गॅस कुठे जात नाही. थकतो तो लेप.

त्या लेपावरूनच आमच्या घरात महाभारत झालं. सासरे निवृत्त झाले ते त्याच वर्षी. सकाळी चहाबरोबर बातम्यांची वाहिनी लागायची ती दुपारच्या झोपेपर्यंत. वरच्या कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह, खाली लाल पट्टी, त्यावर 'ब्रेकिंग न्यूज', ती कधी बदलायचीच नाही. आठेक महिन्यांनी एका रात्री आम्ही सिनेमा लावला. नायिका समुद्राकडे बघत उभी, आणि तिच्या डोक्यावरच्या आभाळात ते बोधचिन्ह! पुसट, पण स्पष्ट वाचता येईल असं. खाली समुद्रात पट्टीची कड. मला आधी वाटलं काचेवर डाग आहे, मी पदरानं पुसायलाही गेले.

जे कप्पे रोज तासन्‌तास एकाच रंगात जळतात त्यांचा लेप शेजारच्यांपेक्षा लवकर झिजतो, आणि झिजलेला भाग मग कायमचा वेगळा दिसतो. थोडा वेळ एकच चित्र राहिल्यावर दिसणारी सावली वेगळी, ती तासा-दोन तासांत हलती चित्रं चालवली की निघते. आमची पहिली-पहिली तशीच निघायची, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. हे मेकॅनिकनं सांगितलं, आठ महिन्यांनी. विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं, की पहिले शंभर-दोनशे तास कॉन्ट्रास्ट खाली ठेवा, वाहिन्या बदलत राहा, चित्र पडदाभर असू द्या. नव्या प्लाझ्माला हे जपणं फार लागायचं. आणि दुकानातून तो येतो तोच मुळी भडक सेटिंगवर.

आता सासऱ्यांना बातम्या बघू नका असं कोण सांगणार? भावोजी नाही सांगणार, मीही नाही. शेवटी मी जुना एकवीस इंची डबा माळ्यावरून काढून त्यांच्या खोलीत लावून दिला. ते खूश झाले, स्वतःचा टीव्ही, स्वतःचा रिमोट. मला मात्र दुसऱ्या केबल जोडणीचे पैसे महिन्याला पडले. स्वस्तातल्या टीव्हीचे असे पैसे पुढे निघत राहतात, मिनू, पावतीवर ते नसतात.

सासऱ्यांच्या ट्रान्झिस्टरची गोष्ट राहिलीच. संध्याकाळी ते आकाशवाणी लावायचे, मध्यमलहरींवर. हॉलमध्ये टीव्ही सुरू झाला की रेडिओत खरखर. महिनाभर आम्ही रेडिओला दोष दिला, सेल बदलले. प्लाझ्मा चालताना अशी खरखर रेडिओच्या लहरींत मिसळतो, हे फार उशिरा कळलं.

तुझ्या घराचं बोलू. तुझा हॉल पश्चिमेचा, गॅलरीला मोठं सरकतं दार, पडदा तू लावत नाहीस कारण तुला कोंडल्यासारखं होतं. प्लाझ्माची पुढची काच म्हणजे आरसा. दुपारी चार वाजता सासूबाई मालिका लावतील आणि त्यांना दिसतील तुझ्या गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल. आमच्याकडे देवघरातली समई दिसायची, रोज सातला, बरोब्बर नायकाच्या छातीवर. तुझा चिनू गेम खेळतो, त्यात एका कोपऱ्यात गुणांचा आकडा आणि दुसऱ्या कोपऱ्यात नकाशा तासभर हलत नाही. म्हणजे आमच्या बोधचिन्हाची नवी आवृत्ती. तुम्ही दोघं रात्री जेवणं आटोपल्यावर दिवे मालवून सिनेमा बघता, तेवढ्या दोन तासांपुरता तो टीव्ही तुमचा आहे. बाकी दिवसभर तो त्या घरात परका.

विजेचंही ऐक. पन्नास इंची प्लाझ्मा सहज अडीचशे वॅट खाणार, चित्र जितकं पांढरं तितका जास्त. रोज सहा तास धर, दीड युनिट, महिन्याला पंचेचाळीस. तेवढ्याच आकाराचा आजचा एलईडी त्याच्या निम्म्याहून कमी घेतो. महावितरणचं बिल १०० युनिटांनंतर आणि ३०० नंतर कसं उडी मारतं ते तुला मी सांगायला नको. तुमचा आकडा त्यातल्या एका रेषेच्या काठावर असतो. शिवाय एवढी वीज जाते कुठे, तर जवळजवळ सगळी उष्णता होऊन तुमच्या हॉलमध्येच. मे महिन्यात आम्ही टीव्हीवर पंखा धरायचो, आपल्यावर नाही. शोकेसच्या बंद खणात तो बसवायचा तर विचारच सोड.

एवढं ऐकून तू म्हणशील, मग ताई, नऊ वर्षं ठेवलात का? कारण त्याच्यावर 'कागज के फूल' बघितला. १९५९ चा कृष्णधवल सिनेमा. व्ही. के. मूर्तींनी आरशांनी आत वळवलेला तो उन्हाचा झोत, त्यात तरंगणारी धूळ, आणि भोवतीचा स्टुडिओ पूर्ण काळोखात. हॉलमधले दिवे बंद होते, टीव्हीची चौकट कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळेना. भावोजी एरवी अर्ध्या तासात घोरतात, त्या दिवशी जागे होते. क्रिकेटमध्येही चेंडूमागे शेपूट नाही, आणि सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला मधल्याइतकंच नीट दिसायचं. साधी केबल मात्र त्याच्यावर बघवायची नाही, माणसं मेणाची वाटायची आणि फार जवळ बसलं तर काळ्या भागात मुंग्या चालल्यासारखं दिसायचं. स्वस्त प्लाझ्मापासून आठ-नऊ फूट लांब बसायचं, हे आम्ही सोफा दोनदा सरकवून शिकलो.

मग आला २०२०. संध्याकाळी खट्‌ असा आवाज, पडदा काळा, आवाज चालू. मेकॅनिक म्हणाला, वाय-सस्टेन बोर्ड गेला. नवा कुठून आणायचा? पायोनियरनं आधीच हात धुतले होते, पॅनासॉनिकनं २०१३ च्या शेवटी प्लाझ्मा बनवणं थांबवलं, सॅमसंग आणि एलजीनं २०१४ मध्ये. पन्नास वर्षं झाली होती बघ त्याला. १९६४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन या तिघांनी पहिला प्लाझ्मा पडदा केला, तो कॉम्प्युटरवर शिकवण्यासाठी, घरात मालिका बघायला नव्हे. भावोजींनी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन शनिवार घातले. एका दुकानात मोडक्या टीव्हीतून काढलेला बोर्ड मिळाला, तीन हजारांना, गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत. तो पाच महिने चालला. मग मीच म्हटलं, पुरे.

म्हणून आठ हजार देऊ नकोस. नवा ४३ इंची एलईडी वीस-पंचवीस हजारांत येतो, वॉरंटीसकट. हा टीव्ही उद्या बिघडला तर दुरुस्ती म्हणजे नशीब, आणि नशिबाचे आठ हजार फार झाले. तीन-साडेतीन म्हण, बेडरूममध्ये रात्रीच्या सिनेमासाठी म्हणून घे, हॉलमधला आहे तो राहू दे. बेडरूमला पश्चिमेची खिडकी नाही, चिनू तिथे गेम खेळणार नाही, सासूबाई तिथे येणार नाहीत. तिथे तो शोभेल. भिंतीवर टांगायचा हट्ट नको, तीसेक किलोचा असेल, तुमची ती भिंत पोकळ आहे. टेबलावर, मागे वीतभर जागा सोडून.

बघायला दुपारी जाऊ नकोस, दिवेलागणीनंतर जा. ते केबल लावून दाखवतील, ते बघायचंच नाही. आपला लॅपटॉप आणि वायर घेऊन जा. आधी कोरी पांढरी, लाल, निळी, राखाडी अशी चित्रं करून ठेव आणि एकेक पडदाभर लाव. वाहिनीचं बोधचिन्ह, खालची पट्टी, नाहीतर दोन्ही बाजूंना उभे पट्टे दिसले तर उठून ये. जुन्या चौकोनी प्रक्षेपणाच्या काळ्या कडा वर्षानुवर्षं राहिल्या की मधला भाग वेगळा झिजतो. मग सगळं काळं लाव आणि कुठे लाल-हिरवे ठिपके लुकलुकतायत का बघ. टीव्ही आधीपासून तापवून ठेवलेला नको, थंड असताना तुझ्यासमोर सुरू करायला सांग आणि तासभर बस. चहा घे, बदलीच्या गावाची चौकशी कर. सुरू व्हायला दोन-तीनदा प्रयत्न लागले, टिकटिक ऐकू आली, तर बोर्ड जायला आलाय.

ठरलंच तर आणताना आडवा करायचा नाही, उभाच धरायचा, चार हात लावून, एकच जिना असला तरी. काच तडकली की त्या टीव्हीचं काहीच उरत नाही.

आणि एक कर. पांढरा पडदा लावशील तेव्हा मला फोन कर आणि फोन टीव्हीच्या पाठीमागे धर. थोडी गुणगुण सगळेच प्लाझ्मा करतात, आमचाही करायचा, मला ती अजून ओळखू येते. ती कुठली आणि बिघाडाची कुठली, मी इथून सांगते. साडेसातनंतर कर, तोवर माझ्या पोळ्या झालेल्या असतात.