गाळ मोजताना होडीवर ट्रान्सड्यूसर कोठे बसवावा?

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि तलावातील गाळ शेतात नेण्याचे काम अनेक गावांनी हाती घेतले. परंतु तळाशी गाळ किती आहे, हे आधी कळावयास हवे. त्यासाठी होडीतून इको साउंडर यंत्राने पाण्याची खोली घेतात व तलाव बांधतेवेळच्या तळाशी ती ताडून पाहतात. (यासाठी तलाव ज्या खात्याचा असेल त्याची परवानगी अगोदर घ्यावी.)

या यंत्राचा ट्रान्सड्यूसर नावाचा भाग पाण्यात ध्वनिलहर सोडतो व तळावरून परतलेली लहर टिपतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. जाण्यायेण्याच्या वेळेवरून यंत्र खोली काढते. मात्र वाटेत हवेचे बुडबुडे आले की लहर तेथेच अडते. म्हणून जागा निवडताना पहिला विचार बुडबुड्यांचा करावा.

होडी चालू असताना मागच्या फळीजवळ वाकून पाहावे. जेथे पाणी फेसाळ न होता सलग वाहते, ती जागा योग्य. तळाच्या पट्ट्या, रिव्हेट किंवा पाणी ओढणारे छिद्र यांच्या सरळ मागे ट्रान्सड्यूसर बसवू नये. इंजिनाच्या पंख्यापासून तो किमान दीड फूट दूर असावा. मागून पाहता पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल, तर उजवी बाजू घ्यावी; त्या बाजूस पाते वरून खाली जाते व फेस कमी त्रास देतो. नाळेकडे मात्र बसवू नये. लाटेवर नाळ उचलली जाते आणि ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर येतो. माणसे व सामान होडीत बसल्यानंतर त्याचे तोंड सरळ खाली आहे ना, हेही पाहावे. रिकाम्या होडीत केलेली जुळणी भरल्या होडीत बिघडते.

काही जण तो फायबरच्या होडीत आतून चिकटवतात. फायबर एकसंध असेल तर हे चालते. लाकडी, पत्र्याच्या किंवा मध्ये फोम भरलेल्या होडीत करू नये.

आता नेहमीची चूक पाहा. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली २० सें.मी. असेल, तर यंत्र खोली तेथून पुढे मोजते. ते २० सें.मी. मिळवायचे राहिले की तळ तेवढा वर दिसतो, म्हणजेच गाळ २० सें.मी. जादा निघतो. एका हेक्टरवर ही चूक २,००० घनमीटर होते. ३ घनमीटरची ट्रॉली धरल्यास साडेसहाशेहून अधिक खेपा! नसलेल्या गाळासाठी डिझेल व भाड्याचे अंदाजपत्रक होऊन बसते. आमच्याकडूनही एकदा ही बेरीज राहिली होती आणि दोन दिवसांचे आकडे पुन्हा लिहावे लागले.

म्हणून रोज काम सुरू करण्यापूर्वी होडी स्थिर उभी करावी. न ताणणाऱ्या दोरीला जड, सपाट लोखंडी तबकडी बांधून ती ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली पाण्याच्या पृष्ठभागापासून २ व नंतर ५ मीटरवर धरावी आणि यंत्राचा आकडा जुळवून घ्यावा. तळाला दगड सोडून खोली घेऊ नये, तो गाळात रुततो.