घराजवळील गांधीलमाश्या व त्यांचा बंदोबस्त

घराची वळचण, गोठ्याचे आढे, न वापरलेल्या खोलीची खिडकी अशा आडोशाच्या जागी गांधीलमाश्या पोळे करतात. एखाद्या मुलास डंख झाला, की टेंभा पेटवून पोळे जाळण्याची घाई होते. अशा वेळी छपरास आग लागण्याचा धोका माश्यांच्या डंखाहून मोठा असतो. म्हणून या कीटकाची राहणी आधी समजून घ्यावी.

गांधीलमाशीची कंबर अतिशय बारीक असते. तिचे पोळे मेणाचे नसते. वाळलेल्या लाकडाचे तंतू कुरतडून व लाळेत कालवून ती कागदासारखी घरे बांधते. पोळ्यात मधाचा साठा नसतो. मधमाशीचा काटा कातडीत अडकून राहतो. गांधीलमाशीचा तसा अडकत नसल्याने ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते. भिंतीवर मातीची घरे करणारी कुंभारीण मात्र एकटी राहते व सहसा डंख करीत नाही.

गांधीलमाशी आपल्या पिलांसाठी पिकावरील अळ्या व इतर कीटक पकडून आणते. त्यामुळे बांधावरील किंवा वर्दळीपासून दूर असलेले पोळे मोडू नये. दार, पाणवठा, गोठा व मुलांची खेळण्याची जागा यांजवळचे पोळे मात्र वेळीच काढावे.

त्यासाठी आठवड्यातून एकदा वळचणीची पाहणी करावी. एकदोन माश्यांचे, रुपयाएवढे पोळे अंधार पडल्यावर लांब काठीने पाडून चिरडावे. अंगभर जाड कपडे घालावेत, तोंड झाकावे व जमिनीवरच उभे राहावे. शिडीवर चढू नये. दिवा हातात धरू नये, कारण माश्या उजेडाकडे झेपावतात. केवळ चारदोन माश्या मारून पोळे संपत नाही. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या भारतीय जातीचा दीर्घकाळ अभ्यास केला. या जातीत राणी नाहीशी झाली, तर उरलेल्या माद्यांपैकी एक तिची जागा घेते.

पोळे मोठे असल्यास स्वतः हात घालू नये. ग्रामपंचायत किंवा अग्निशमन दलामार्फत जाणकार माणूस बोलवावा. पिकावरील कीटकनाशक घरात फवारू नये. तोपर्यंत त्या वाटेने जाणे टाळावे व मुलांस दगड मारू देऊ नयेत.

डंख झाल्यास प्रथम पोळ्यापासून दूर जावे. जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. बोटातील अंगठी सूज चढण्यापूर्वी काढावी. अंगभर गांधी उठणे, चेहरा किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, भोवळ येणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे. एकाच वेळी अनेक डंख झाले असल्यास, त्रास जाणवत नसला तरी, डॉक्टरांस दाखवावे.

लहान पोळे वेळीच काढले, तर मोठ्या पोळ्याचा धोका पत्करावा लागत नाही.