प्रवासातील पाकशाळा : थायलंडच्या खलबत्त्यापासून मोहन नगरच्या चुलीपर्यंत

प्रवासाहून परतलेल्या माणसाच्या सामानात छायाचित्रे असतात, भेटवस्तू असतात, क्वचित एखादे रेशमी वस्त्रही असते. वर्ष-दोन वर्षांत छायाचित्रे मागे पडतात आणि वस्तू फडताळात जातात. याउलट हाताला लागलेली एखादी कला मात्र आयुष्यभर सोबत करते. गेल्या काही दशकांत जगभरच्या प्रवाशांनी हे ओळखले आणि ‘पाहण्याच्या’ प्रवासाला ‘शिकण्याची’ जोड दिली. थायलंडमधील पाकवर्ग हे त्याचे ठळक उदाहरण होय. हे वर्ग कसे चालतात, त्यांतून काय हाती लागते आणि त्या शिक्षणाचा आपल्या घरी, आपल्या वस्तीत कोणता उपयोग संभवतो, याचा विचार या लेखात केला आहे.

हा विचार दुर्ग-भिलाई जोडशहरातील मोहन नगराच्या संदर्भात करण्याला कारण आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईच्या पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. कामाच्या निमित्ताने देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे या परिसरात स्थिरावली. मराठी माणसाचा छत्तीसगडशी संबंध त्याहूनही जुना, अठराव्या शतकातील नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासूनचा. अशा ठिकाणी एका भिंतीपलीकडे वेगळी फोडणी आणि वेगळे वाटण असते. परक्या चवीकडे कुतूहलाने पाहण्याची सवय येथील माणसाला सहज लागते. तरीही शेजारच्या घरातील पदार्थ खाणे आणि तो शिकणे यांत अंतर आहे. ते अंतर कसे ओलांडावे, हे थाई पाकशाळा दाखवून देतात.

बाजार हाच पहिला धडा

पर्यटकांसाठी पाकवर्ग चालवण्याची प्रथा उत्तर थायलंडमधील चिआंग माई शहरात चांगली रुजली. तेथील ‘चिआंग माई थाई कुकरी स्कूल’ ही संस्था १९९३ मध्ये सुरू झाली. आज बँकॉक, फुकेत आदी ठिकाणीही असे वर्ग भरतात. वर्ग बहुधा अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचा असतो. विद्यार्थी थोडे असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र शेगडी, पाट आणि सुरी मिळते. शिक्षकाने करावे आणि विद्यार्थ्यांनी पाहावे, असा हा प्रकार नसतो. प्रत्येकाने स्वतः चिरावे, कुटावे, शिजवावे आणि शेवटी आपण केलेलेच जेवावे, हा येथील नियम.

अनेक वर्गांचा आरंभ स्वयंपाकघरात होत नाही, तो बाजारात होतो. शिक्षिका विद्यार्थ्यांना भाजीबाजारात नेते आणि जिन्नस हातात देते, चुरगाळून वास घ्यायला लावते. मराठी प्रवाशाला येथे पहिला सुखद धक्का बसतो. परके म्हणून ज्याच्याकडे पाहावे, ते ओळखीचे निघते. ‘तक्राय’ म्हणजे आपला गवती चहा. आपण त्याची पात चहात टाकतो, तर थाई स्वयंपाकात बुडाचा पांढरा, कोवळा दांडा वापरतात. ‘खा’ हे आल्याच्या कुळातील मूळ आपल्याकडे कुलिंजन या नावाने काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेल्या रूपात मिळते. ‘कफ्राव’ ही तर तुळसच. आपण जिला वृंदावनात पुजतो, तिला थाई माणूस लसूण-मिरचीबरोबर परततो. कोथिंबिरीची जी मुळे आपण निवडताना टाकून देतो, ती तेथे वाटणात आवर्जून घालतात.

मिरचीची कथा त्याहून उद्बोधक आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला आणि १५११ मध्ये त्यांचा दूत सयामच्या अयुध्या या राजधानीत पोहोचला. त्यांच्या व्यापाराबरोबर सोळाव्या शतकात मिरची आशियात आली. कोकणातील तिखट आमटी आणि थायलंडमधील तिखट रस्सा यांना त्या अर्थी एकाच वाटेने आलेला पाहुणा लाभला आहे.

खलबत्त्याची शिकवण

बाजारानंतर विद्यार्थी जड दगडी खलबत्त्यासमोर बसतो. थाई भाषेत त्याला ‘क्रोक’ म्हणतात. हिरव्या रश्श्याचे वाटण करताना जिन्नस कोणत्या क्रमाने घालावेत, यालाच मोठे महत्त्व असते. प्रथम भाजलेले धने, जिरे आणि मिरी यांची कोरडी पूड करून बाजूला ठेवतात. मग मिठासह मिरच्या, त्यानंतर गवती चहा, कुलिंजन, मखरूट लिंबाची साल आणि कोथिंबिरीची मुळे हे चिवट जिन्नस कुटतात. लसूण आणि छोटे कांदे हे ओले जिन्नस त्यामागून येतात. पूड आणि कोळंबीचे आंबवलेले वाटण सर्वांत शेवटी मिसळतात. ओले जिन्नस आधी घातले, तर दांडे त्यात निसटत राहतात आणि कुटले जात नाहीत. मिठाचे खडे मात्र घर्षणाला साहाय्य करतात.

मिक्सर हाताशी असताना एवढे श्रम कशासाठी, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी विचारतो. उत्तर त्या श्रमातच दडलेले आहे. मिक्सरचे पाते जिन्नस कापते, बत्ता ते चिरडतो. चिरडल्याने पेशी फुटून सुगंधी तेले बाहेर येतात. शिवाय मिक्सर फिरावा म्हणून पाणी घालावे लागते आणि पाणचट वाटण नीट परतले जात नाही. पाट्यावर वाटलेल्या चटणीची चव निराळी का लागते, याचेही उत्तर हेच.

वाटण झाले की नारळाचे घट्ट दूध कढईत आटवतात. त्याला तेल सुटू लागले की वाटण घालून पुन्हा तेल सुटेपर्यंत परततात. ‘तेल सुटेपर्यंत’ ही खूण मराठी गृहिणीला सांगावी लागत नाही. पातळ दूध आणि भाज्या त्यानंतर घातल्या जातात. येथे घड्याळ फारसे कामाचे नसते. डोळ्यांनी तेलाची कड ओळखावी, नाकाने कच्चा वास गेल्याचे जाणावे, हेच शिक्षण.

चवींचा ताळेबंद

खारट, आंबट, गोड आणि तिखट यांचा मेळ हा थाई स्वयंपाकाचा गाभा मानला जातो. खारटपणासाठी माशांपासून केलेला ‘नाम प्ला’ हा द्राव, आंबटपणासाठी लिंबू किंवा चिंच, गोडीसाठी ताडाचा गूळ आणि तिखटासाठी मिरची. शिक्षिका प्रमाण सांगते खरी, पण त्यावर थांबत नाही. ती प्रत्येकाला चमचाभर रस्सा चाखायला लावते आणि विचारते, काय कमी आहे? लिंबू रोज सारखेच आंबट नसते, मिरची सारखीच तिखट नसते. म्हणून कागदावरचे प्रमाण ही केवळ सुरुवातीची शिल्लक. खरा ताळेबंद जिभेवरच जुळवावा लागतो. आमसूल, गूळ, तिखट आणि मीठ यांचा मेळ घालून आंबटगोड आमटी करणाऱ्या घरांना हे तत्त्व नवे नाही. मात्र आपण ते न बोलता करतो, तर पाकशाळा ते शब्दांत मांडते आणि परक्याच्या हाती देते.

‘तोम यम’ या प्रसिद्ध सारात हाच धडा पुढे जातो. गवती चहा, कुलिंजन आणि लिंबाची पाने उकळत्या पाण्यात आपला गंध सोडतात, पण लिंबाचा रस आंच बंद केल्यावरच पिळायचा. उकळल्यास त्याचा ताजेपणा जातो. कोळंबी घातलेल्या या साराचा, ‘तोम यम कुंग’चा, युनेस्कोने २०२४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. स्वयंपाकघरातील कौशल्य हा राष्ट्राचा ठेवा असू शकतो, हे त्यातून अधोरेखित झाले.

शाकाहारी प्रवाशाने काय पाहावे

नाम प्ला आणि कोळंबीचे वाटण यांमुळे शाकाहारी प्रवाशाने नाव नोंदवतानाच आपला आहार स्पष्ट सांगावा. वरून शाकाहारी दिसणाऱ्या भाजीतही माशांचा द्राव असू शकतो. शाकाहारासाठी थाई भाषेत ‘मांगसविरात’ असा शब्द आहे. ‘मांस’ आणि ‘विरती’ या आपल्या ओळखीच्या शब्दांचेच ते रूप. ‘जे’ या नावाच्या आहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे जैन प्रवाशांना हा शब्द विशेष उपयोगी पडतो. बहुतेक शाळा माशांच्या द्रावाऐवजी सोयाबीनचा द्राव वापरू देतात. शेंगदाणे किंवा कोळंबी यांचे वावडे असल्यास तेही आधीच कळवावे.

शुल्कात बाजारफेरी, साहित्य, ने-आण आणि कृतींची पुस्तिका यांपैकी काय समाविष्ट आहे, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. परतताना ताजी मुळे, रोपे किंवा बिया सामानात घालण्याचा मोह टाळावा. वनस्पतींवरील रोग आणि किडी पसरू नयेत म्हणून अशा आयातीवर संगरोधाचे नियम आहेत.

परतल्यावर

मोहन नगरातील स्वयंपाकघरात हे शिक्षण उतरवताना काही तडजोड अटळ आहे. गवती चहा कुंडीत सहज वाढतो. मखरूट लिंबाची पाने न मिळाल्यास साध्या लिंबाची किसलेली साल काही अंशी उणीव भरून काढते. कुलिंजनाऐवजी आले घातल्यास पदार्थ चांगला होतो, पण वेगळा होतो, एवढे ध्यानात असावे. नारळाचे दूध घरी काढल्यास पहिले घट्ट दूध वेगळे ठेवावे, कारण वाटण परतायचे ते त्यातच. पदार्थ हुबेहूब साधला नाही, तरी जिन्नसांचा क्रम, आंच आणि चाखून दुरुस्त करण्याची सवय या तीन गोष्टी कोणत्याही स्वयंपाकात कामी येतात.

शेजारची पाकशाळा

आता प्रश्न असा की, हजारो किलोमीटरवरील स्वयंपाक शिकण्यासाठी जो माणूस शुल्क भरतो, त्याने शेजारचा स्वयंपाक कधी शिकला आहे काय? छत्तीसगड हे भाताचे कोठार. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात येथील भाताचे हजारो वाण गोळा केले आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात त्यांचे जतन झाले. भाताच्या या विपुलतेतूनच येथील पदार्थ घडले.

‘फरा’ हा त्यांपैकी एक. तांदळाच्या पिठात शिजलेला भात कालवून त्याच्या बोटाएवढ्या वळ्या करतात, वाफवतात आणि तीळ-मिरचीची फोडणी देतात. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून शिजलेला भात ते बांधून ठेवतो. मोदकासाठी आपण पिठाची उकड काढतो, तिचे कारणही तेच. भात किती घालावा, हे वहीत लिहिता येते. पण पीठ तळहाताला चिकटेनासे झाले की थांबावे, हे हात पिठात गेल्याशिवाय कळत नाही. अळूची पाने आणि उडदाच्या डाळीचे ‘इढर’ पाहून अळूवडी आठवते. तांदूळ-गुळाचा ‘अइरसा’ अनारशाशी नाते सांगतो. तीजा-पोरा म्हणजे आपली हरतालिका आणि पोळा. तीजासाठी लेकी माहेरी येतात, उपवासाच्या आदल्या रात्री कारल्याच्या भाजीसह ‘करू भात’ खातात आणि घरोघर ठेठरी-खुरमीचा घाणा पडतो.

ही विद्या ज्यांच्या हातात आहे, त्या बहुतांशी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया होत. त्यांना कोणी शिक्षिका म्हणत नाही आणि त्याही स्वतःला तसे मानत नाहीत. मुले नोकरीनिमित्त दूर जातात, सणाचे पदार्थ दुकानातून येऊ लागतात. हात थांबले की केवळ वही मागे उरते, आणि वहीत तळहाताची खूण उतरत नाही. ही हानी कोणत्याही खात्यात दिसत नाही, म्हणून ती अधिक चिंतेची.

उपाय मात्र अशक्य नाहीत. रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ मध्ये ‘गढ कलेवा’ हे छत्तीसगडी पदार्थांचे केंद्र सुरू झाले आणि बचत गटाच्या महिलांच्या हाताला मान आणि मोल दोन्ही मिळाले. धमतरी जिल्ह्यातील ‘नगरी दुबराज’ या सुवासिक तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, त्यामागेही महिलांच्या बचत गटाचा पुढाकार होता. नाबार्डने १९९२ मध्ये आरंभलेल्या बचत गट-बँक जोडणीने अशा गटांसाठी बँकेचे दार उघडले. पदार्थ विकण्याच्या पुढचे पाऊल म्हणजे पदार्थ शिकवणे. त्यासाठी लागणारी साधने बहुधा घरातच असतात. गरज असते ती धान्य, इंधन आणि वेळ यांचा खर्च धरून शुल्क ठरवण्याची, गटाच्या नावे खाते ठेवण्याची, हिशेब नियमित लिहिण्याची आणि पाहुण्याला स्वतःच्या हाताने करू देण्याच्या धीराची.

थायलंडच्या पाकशाळांचे खरे यश हिरव्या रश्श्यात नाही. रोजच्या स्वयंपाकातील ज्ञानाला त्यांनी विद्येचा दर्जा दिला आणि ते देणाऱ्या हाताला योग्य मोबदला दिला, हे ते यश. म्हणून प्रवासाला निघालेल्याने एखादा दिवस पाकवर्गासाठी अवश्य राखावा. परतल्यावर थाई रस्सा करून शेजाऱ्यांना जेवू घालावे आणि त्याच बैठकीत शेजारच्या आजींना विचारावे की, येत्या तीजाला खुरमीचे पीठ मळताना आपल्यालाही हात लावू द्याल का? शिकवणाऱ्याचा मान आणि मोबदला यांत मात्र कसूर करू नये. हातातली विद्या हे असे भांडवल आहे, जे वाटल्याने वाढते आणि न वाटल्यास मालकाबरोबरच संपते.