खंडाळ्याच्या वर्षाचा हिमगाभा

अंटार्क्टिकावरच्या डोम सी या ठिकाणी युरोपीय शास्त्रज्ञांनी सुमारे ३,२७० मीटर खोल छिद्र घेऊन बर्फाचा दांडा बाहेर काढला. त्यात ८ लाख वर्षांची हवा, बर्फ आणि धूळ थराथराने साठलेली आहे. असे हिमगाभे अभ्यासणारी आपली संस्था गोव्यात वास्कोला आहे: १९९८ साली सुरू झालेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र. धुळीचे थर वाचायची त्यांची रीत समजून घ्यायची, तर घरचा फ्रीज आणि गच्ची पुरते. त्यात आपला खंडाळा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. महाबळेश्वरला पाऊस ५,००० मिलिमीटरच्या वर जातो, आणि इकडे शिरवळ-लोणंदच्या माळावर उन्हाळाभर फुफाटा उडत असतो. धुळीला तोटा नाही. कस लागतो तो आपली स्वतःची धूळ नमुन्यात शिरू न देण्यात.

वेळ: १ जून ते ३१ मे, दर आठवड्याला अर्धा तास.

साहित्य

- सारख्या मापाच्या दोन प्लास्टिकच्या बादल्या, एकीला घट्ट झाकण
- दोन्ही बादल्यांच्या तळाशी एक थर मावेल इतक्या काचेच्या गोट्या
- मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, सुतळी
- बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर
- कोल्ड्रिंकच्या २ लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या, मान कापून स्वच्छ धुतलेल्या
- मऊ ब्रश, चिमटा, झाकणाचे दोन डबे, फूटपट्टी, भिंग
- शाळेच्या प्रयोगशाळेतले फिल्टर पेपर
- लोहचुंबक, प्लास्टिकची पिशवी, लिंबू
- एक वही

कृती

१. जागा ठरवा. गच्चीवर चारी बाजूंनी वारा लागेल अशी जागा निवडा. वर झाड नको, शेजारी चुलीचं धुराडं नको, पाण्याची टाकी नको. बादल्या गच्चीच्या फरशीपासून दीड मीटर उंच स्टँडवर बांधा. खाली ठेवल्या तर झाडलोटीचा कचराच गोळा होईल.

२. दोन्ही बादल्या मांडा. दोन्ही आधी साध्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने विसळा. फडक्याने पुसू नका, तशाच पालथ्या घालून निथळू द्या. पहिल्या खेपेला मी त्या धुतलेल्या सुती फडक्याने पुसल्या होत्या, आणि वर्षाअखेर भिंगाखाली प्रत्येक थरात पांढरे तंतू निघाले. दोन्हींत गोट्या पसरा. वाऱ्याने आत आलेली धूळ गोट्यांच्या फटीत बसते, पुन्हा उडत नाही. एका बादलीच्या तोंडाला जाळी बांधा. दुसरीला झाकण घट्ट लावा. ही दुसरी आपली कोरी बादली. तिचं धुणं, हाताळणं, गोठवणं सगळं पहिलीसारखंच करायचं, फक्त आकाशातली धूळ तिच्यात पडू द्यायची नाही. तिच्यात जे सापडेल ते पाण्याचं, ब्रशचं आणि आपल्या हाताचं.

३. वही भरा. दर रविवारी चार ओळी लिहा: वारा कुठून होता, वावटळ उठली का, वळीव झाला का, आसपास काय चाललं होतं. बाजरीची मळणी, नांगरट, शाळूची काढणी, उसाचं पाचट पेटवणं, खंबाटकी घाटाकडचं रस्त्याचं काम, सगळं नोंदवा. २३ जानेवारी २०२२ला अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्याचं आकाश पांढुरकं झालं होतं आणि मुंबईत गाड्यांवर पांढरी भुकटी बसली होती. असा दिवस वहीत नसेल, तर वर्षानंतर थरातली ती धूळ कुठली, हे सांगता येणार नाही.

४. पावसाळ्यात पाणी साठू देऊ नका. साठल्या पाण्यात डास होतात. दर आठवड्याला बादलीतलं पाणी झाकणाच्या डब्यात ओता, दोन दिवस स्थिर ठेवा, वरचं निवळ हलक्या हाताने काढून टाका, गाळ जपा.

५. दर दोन महिन्यांनी थर घाला. किडे आणि पानं चिमट्याने काढा. १५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घेऊन ब्रशने गोट्या आणि बादली खळबळून घ्या. पावसाळ्यातला गाळ असेल तर तो याच मापात धरा. हे पाणी फ्रीजमध्ये बर्फासारखं गार होऊ द्या. पहिल्या थराआधी बाटलीचा खाचांचा तळ झाकेल इतकं नुसतं डिस्टिल्ड वॉटर गोठवून घ्या. मग धुळीचं गार पाणी ढवळून वर ओता आणि बाटली फ्रीजरमध्ये उभी ठेवा. पाणी कोमट असेल तर खालचा थर वितळतो आणि दोन ऋतू एकमेकांत मिसळतात. कोऱ्या बादलीचं पाणी त्याच दिवशी, त्याच मापाने दुसऱ्या बाटलीत घाला. लाईट गेली तर फ्रीजर उघडू नका.

गोठण्याआधी धूळ खाली बसते, म्हणून प्रत्येक थराच्या तळाशी काळसर रेघ उमटते. वर्षाच्या सहा रेघा. ग्रीनलंडच्या बर्फात दर वसंत ऋतूत धुळीचं प्रमाण वाढतं, आणि त्या वाढी मोजत शास्त्रज्ञ वर्षं मोजतात. आपण मोजणार आहोत ती रेघ त्याच जातीची.

६. गाभा बाहेर काढा. जूनच्या सुरुवातीला, पहाटे, पंखा बंद ठेवून हे काम करा. मोठ्या माणसाने बाटली कटरने उभी कापावी. गाभा धुतलेल्या स्टीलच्या ताटात आडवा ठेवा, मागून टॉर्च धरा, फोटो काढा, फूटपट्टीने प्रत्येक रेघेचं तळापासून अंतर लिहा. सर्वांत खाली जून-जुलै, सर्वांत वर एप्रिल-मे.

७. बाहेरचा भाग धुऊन टाका. गाभ्यावरून गार डिस्टिल्ड वॉटरची धार फिरवा. खऱ्या प्रयोगशाळेत गाभ्याचा बाहेरचा भाग काढून फक्त आतला बर्फ तपासतात, कारण छिद्र घेणारं यंत्र आणि हातमोजे यांचा मळ बाहेरच्या बाजूला असतो. अंटार्क्टिकावर सध्याच्या उबदार काळातल्या एक किलो बर्फात धूळ असते अवघी १० ते २० मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम धुळीसाठी ५० ते १०० टन बर्फ वितळवावा लागेल, म्हणजे उसाने भरलेल्या कितीतरी ट्रॉल्या. एवढ्याशा धुळीत अंगावरच्या कपड्याचा एक तंतू पडला, तरी मोजमाप खोटं ठरतं.

८. वितळवा, गाळा, वजन करा. थर रेघांवर कापून वेगवेगळ्या काचेच्या पेल्यांत वितळवा. फिल्टर पेपर आधी उन्हात कडक वाळवून त्याचं वजन लिहून ठेवा. गाळून झाल्यावर पुन्हा तसाच वाळवा आणि वजन करा. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही. सराफाकडे किंवा शाळेत मिलिग्रॅमपर्यंतचा काटा मिळतो.

हिशेब असा. समजा थरात ०.६० ग्रॅम धूळ निघाली आणि कोऱ्या थरात ०.०५. खरी धूळ ०.५५ ग्रॅम. बादलीचं तोंड २८ सेंटिमीटरचं, म्हणजे ६१६ चौरस सेंटिमीटर. दोन महिन्यांत एका चौरस मीटरवर सुमारे ८.९ ग्रॅम धूळ पडली.

९. धुळीची जात ओळखा. चुंबक पिशवीत गुंडाळून कोरड्या धुळीवरून फिरवा. पिशवीला काळे कण चिकटले तर त्यात आपल्या काळ्या पाषाणातलं मॅग्नेटाइट असण्याची शक्यता मोठी. लिंबाच्या रसाने बारीक फेस आला तर चुनखडी आहे. भिंगाखाली काजळी, कोंडा आणि मातीचे कण वेगळे दिसतात. ध्रुवावरचा कण सुमारे २ मायक्रोमीटरचा, तो आपल्या कागदातून निसटेल. तिथे कण लेझरने मोजतात, आणि त्यातल्या स्ट्रॉन्शियम व निओडिमियम या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांवरून मूळ गाव शोधतात. पूर्व अंटार्क्टिकावर हिमयुगात पडलेली धूळ मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाची होती, हे असंच कळलं.

१०. वहीशी जुळवा. कुठला थर जड, कुठल्या थरात काजळी जास्त, ते वहीतल्या नोंदींशी ताडून पाहा. धूळ उडायला तीन गोष्टी लागतात: सुकी माती, उघडी जमीन आणि वारा. वाहून जायला लागतो पाऊस. ऐन हिमयुगात या सगळ्याच गोष्टी धुळीच्या बाजूने होत्या. जग कोरडं होतं, झाडोरा कमी होता, वाटेत धूळ धुऊन काढणारा पाऊसही कमी होता. डोम सीच्या गाभ्यात हिमयुगातली धूळ उबदार काळाच्या सुमारे २५ पट भरते. एप्रिलचा नांगरलेला माळ आणि सप्टेंबरचं बाजरीचं शिवार यांच्यातल्या फरकाला हेच नियम लागू आहेत.

लक्षात ठेवा

- कोऱ्या थरात धूळ जास्त निघाली तर त्या दोन महिन्यांचा आकडा वापरू नका. वहीत तसं लिहा आणि पुढे चला.
- एका वर्षाच्या गाभ्यावरून हवामान बदललं असं म्हणू नका. एका वर्षाची ती हवा. हवामानाची सरासरी धरायला ३० वर्षं लागतात.
- त्यामुळे फोटो, वजनं आणि वही जपून ठेवा. १ जूनला बादल्या धुऊन त्याच स्टँडवर, त्याच उंचीवर पुन्हा बांधा. एकीला जाळी, एकीला झाकण.